बिनगाडीची माणसं

ज्याच्याकडे गाडी आहे तो मस्कतमध्ये नुसता पोचतो. किस्से साठतात ते आमच्यासारख्यांकडे! मस्कतच्या वादी अदाई भागातल्या फ्लॅटवर आम्ही तिघं राहायचो: मी, चिपळूणचा सावंत आणि रत्नागिरीचे बशीरभाई. ऑफिस अल् खुवैरला. लायसन कुणाकडेच नाही. शहरात तेव्हा धड बस नव्हती आणि मोबाइलवर टॅक्सी बोलवायची सोयही नव्हती.

* * *

आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक केशरी-पांढरी टॅक्सी दिसली. हात केला, ऐटीत मागे बसलो. टॅक्सी हलेना! ड्रायव्हर खमीसचाचा शांत बसून. शेवटी मीच म्हटलं, "चाचा, यल्ला? चलें?"

त्यांनी चार बोटं दाखवली. "चार सीट भरेगा, फिर जाएगा!"

इथली टॅक्सी शेअरची असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. चाचा ओमानी, पण जन्म झांझिबारचा. "उधर गाडी भरने के बाद भी नहीं जाता. और दो आदमी मांगता!" असं म्हणून त्यांनी थर्मासमधला कावा, म्हणजे इथली वेलचीची कॉफी, माझ्या हातात दिला. घरी कोण असतं, आई कशी आहे, सगळं विचारलं. मस्कतला आल्यापासून एवढं मला कुणी विचारलं नव्हतं. चौथा माणूस आला तेव्हा मला वाईटच वाटलं.

* * *

एका शुक्रवारी सुट्टीत भिंती बघून कंटाळलो आणि चालायला निघालो. लगेच एक मोठी गाडी शेजारी थांबली. आत पांढऱ्या झग्यातले ओमानी गृहस्थ.

"गाडी खराब?"

"नहीं सर, ऐसे ही चल रहा हूँ."

"किसके पास?"

"किसी के पास नहीं."

त्यांना इतकं वाईट वाटलं की जबरदस्तीने बसवून मला घरी सोडलं! दारात बशीरभाई. "अरे, आत्ताच गेलास ना?" आता शुक्रवारची अख्खी संध्याकाळ उरली होती.

* * *

सावंतची बायको वैशाली चिपळूणला शाळेत शिकवायची. तिने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "गाडी घ्या, मग येते. फ्लॅटमध्ये कोंडून घ्यायला मला ओमान कशाला हवं?"

सावंत इरेला पेटला. ड्रमांच्या मधून गाडी मागे घ्यायची परीक्षा झोकात पास झाला. रस्त्यावरच्या परीक्षेत मात्र कोकण आडवं आलं! वळण दिसलं की सावंत हॉर्न द्यायचा. घाटात शिकलेला माणूस तो. वळणापलीकडे एसटी असणारच, ही त्याची श्रद्धा. आणि मस्कतमध्ये हॉर्न म्हणजे जवळजवळ शिवी! शेजारचा पोलीस दचकला. "खलास!"

पुन्हा परीक्षा, पुन्हा वळण, पुन्हा हॉर्न!

"सावंता, हात बांधून बस रे," बशीरभाई म्हणाले.

"मग गाडी काय पायांनी वळवू?"

रात्री फोनवर वैशाली विचारायची, "झालात का पास?" हा म्हणायचा, "इन्शाल्ला." आणि मग बराच वेळ गॅलरीत उभा राहायचा.

* * *

शेवटी झाला पास! जुनी गाडी घेतली, पुढच्या सीटला वैशालीसाठी नवंकोरं कव्हर घातलं. तिकीट काढणार, तेवढ्यात वैशालीचा फोन आला. सावंतची आई घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. "आईंना टाकून कशी येऊ?"

"नको येऊस," सावंत म्हणाला आणि गाडी पुसायला खाली गेला.

त्याच शुक्रवारी त्याने आम्हाला फिरायला चला म्हटलं. आम्ही दोघं मागे बसलो. टॅक्स्या थांबतात तिथे त्याने गाडी उभी केली. पिशव्या घेऊन एक अनोळखी माणूस ताटकळत होता.

"रुवी जाना है? आओ. पैसा नहीं."

त्या माणसाने पुढचं दार उघडलं.

"पीछे, पीछे," सावंत म्हणाला.

तो आमच्यात दाटीवाटीने बसला. गाडी हलेना. आम्ही घामाघूम.

"अरे, आता कुणाची वाट बघतोयस?" बशीरभाई वैतागले.

सावंत समोर बघत म्हणाला, "चार सीट भरल्याशिवाय गाडी सुटत नाही."