तांब्यावरची फुली

"आधी हात दाखवा."

बाईंच्या दारात नमस्काराच्याही आधी हे ऐकावे लागे. आपण निमूटपणे तळवे पुढे करायचे, त्या चष्मा कपाळावर चढवून ते उलटसुलट पाहणार, आणि बोटांना वेफर्सचे तेल दिसले की बेसिनकडे मान वळवणार. आखातात दुखानच्या तेलक्षेत्रात उभी हयात काढलेला मी मेकॅनिकल इंजिनिअर, अल दुहैलमधल्या त्यांच्या घरी शाळकरी मुलासारखा साबणाने हात धूत असे. हे सांगण्यात मला कमीपणा वाटत नाही. कागदाचा इतका मान राखणारे दुसरे माणूस मी पाहिलेले नाही.

बाई गेल्या हिवाळ्यात पुण्यात वारल्या. तेव्हापासून येथल्या आमच्या मराठी मंडळात त्यांच्याविषयी नाना कथा फिरू लागल्या आहेत. माणसे न्याहाळण्याचा छंद तुम्हालाही असेल, म्हणून सांगतो: त्या कथा खोट्या आहेत आणि खरे काय ते पाहिलेला मी अजून जिवंत आहे.

म्हणे, त्यांचा चित्रे छापायचा प्रेस यजमानांनी विलायतेहून मागवला होता. साफ खोटे. भंगारातले दोन पोलादी रूळ मी शोधले, वर्कशॉपमध्ये तासून घेतले आणि सांगाडा स्वतः जोडला. त्याचे वेल्डिंग सुबक नाही. एवढ्यावरूनही तो विलायती नाही हे कळायला हवे होते.

म्हणे, बाई एका इंग्रज चित्रकर्तीची नक्कल करीत. ही कथा कोठून निघाली तेही मला ठाऊक आहे. दुखानच्या वसाहतीतले एक इंग्रज कुटुंब मायदेशी परतताना घरातले सामान विकत होते. टोस्टर, बाबागाडी, खुर्च्या यांच्या गर्दीत काचेमागे एक काळेपांढरे चित्र होते: धक्क्यावर मासळी साफ करणाऱ्या बायका, डोक्याला फडकी, मागे डोलकाठ्या. विकणारीने सांगितले, आजीच्या घरातले आहे, फुकट न्या. बाईंनी चौकट उलटी करून कागद सोडवला, चित्राभोवती बोट फिरवले आणि माझा दंडच धरला.

"इंजिनिअरसाहेब, हे छापखान्यातलं नव्हे. कागद दबलाय बघा चारी बाजूंनी. पत्र्याची कड आहे ही."

विसाव्या शतकाच्या आरंभी बंदरोबंदर हिंडून तांब्यावर चित्रे कोरणारी एक इंग्रज बाई होती. हे तिच्या हातचे एचिंग, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून काढलेला छाप, निघाले. आमच्या बाई तिला 'मोठ्या बाई' म्हणू लागल्या, जणू त्या एकाच शाळेत शिकवीत होत्या. मोठ्या बाईंनी आपल्या समोरचा धक्का पाहिला, आमच्या बाईंनी येथले हमद पोर्ट पाहिले. याला नक्कल म्हणायचे असेल तर समुद्राचे चित्र काढणारा दुसरा माणूस जगात चोरच ठरावा.

हमद पोर्टचे ते चित्र मी जन्मताना पाहिले आहे. बाई कुंपणाबाहेर रस्त्याकडेला घडीच्या खुर्चीवर बसत, यजमान गाडीत एसी लावून पेपर वाचत, आणि मी छत्री धरून उभा. एकदा नेपाळी रखवालदार धावत आला.

"मॅडम, फोटो मना है।"

"फोटो कहाँ है भैया? ये हाथ देखो," म्हणत बाईंनी आपलेच तळवे त्याच्यापुढे धरले. पेन्सिलीच्या शिशाने काळे झालेले. तो हसला. मग कागदात डोकावून म्हणाला, "मैं नहीं हूँ इसमें?"

बाईंनी त्याला घेतले. प्रचंड क्रेनच्या पायाशी उभा, नखाएवढा, पण त्याची टोपी ओळखू येते.

घरी परतून तांब्याच्या पत्र्याला मेणाचा लेप दिला, त्यात सुईने रेघा ओढल्या, पत्रा आम्लात सोडला. लेप निघाला तेथे आम्ल तांबे खाते. त्या खाचांत शाई भरून, वर ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांतून काढायचा. पहिली प्रत बाईंनी रखवालदाराला नेऊन दिली आणि बजावले, "थोड़ी ही बनेंगी। फिर कभी नहीं।" त्याने ती गावी धाडली.

आता ती थोरली कथा. आमचे अध्यक्ष सांगतात की गणेशोत्सवाच्या प्रदर्शनात मंडळाने हे चित्र नाकारले, म्हणून बाईंनी संतापाने पत्र्यावर फुली मारली आणि त्या दुःखातच पुण्याला परतल्या. चित्र नाकारले हे खरे. नाकारणारे हेच अध्यक्ष. मात्र त्यांच्या नकाराने बाईंचे हृदय भंगले ही समजूत त्यांनी सोडावी. माणसाने स्वतःला एवढे महत्त्व देऊ नये.

मी तेथे होतो. शुक्रवारची सकाळ, बाजूला चहा. ठरलेली शेवटची प्रत वाळत होती. बाईंनी माझ्याकडून पोलादी पट्टी मागून घेतली आणि ती टेकवून पत्र्यावर सुईने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन खोल रेघा ओढल्या.

"अहो बाई! हात कसा धजतो तुमचा?"

"तेल संपलेल्या विहिरीत तुम्ही सिमेंट ओतता ना? रडता का तेव्हा?" त्या हसत होत्या. "शब्द दिलाय लोकांना, ठरल्यापेक्षा एकही प्रत जास्त नाही. आता माझी बुद्धी फिरली तरी या पत्र्यातून चांगली प्रत निघायची नाही. मोठ्या बाईसुद्धा हेच करीत असणार. चला, खलास!"

मग, या कामातल्या रीतीप्रमाणे, फुलीसकट एक छाप पुरावा म्हणून काढला. पुण्याला जाताना पत्रा आणि तो छाप त्यांनी माझ्या हवाली केला.

यंदा मंडळाने बाईंच्या स्मरणार्थ प्रदर्शन ठरवले. मी पत्र्याचा फोटो काढू दिला तो सूचीसाठी. सजावटीचे काम पाहणारी केतकी, आयटीतली हुशार मुलगी, लॅपटॉप घेऊन घरी आली.

"काका, बघा ना. पत्र्यावर चित्र उलटं असतं म्हणून फाइल फ्लिप केली, क्रॉस पूर्ण काढला. आता हवे तेवढे प्रिंट्स मारू, प्रत्येक गेस्टला एक."

पडद्यावर बंदर स्वच्छ उभे होते. सुंदर होते, बाईंचे नव्हते.

"एकही नाही," मी म्हणालो. "लावायचा तर फुलीचा छाप लावा. नाहीतर भिंत रिकामी ठेवा."

सोबत आलेले अध्यक्ष उसासले. "नाना, कशाला ताणताय? बाईंचंच नाव होणार ना? रागाच्या भरात नासवलेली प्रत कोण बघणार?"

मी आतून छाप आणला. केतकीने उत्सुकतेने बोट पुढे केले.

"आधी हात दाखव."

ती गोंधळली. मग आत जाऊन हात धुऊन आली आणि पुसलेले तळवे माझ्यापुढे धरले. मी कागद तिच्यासमोर ठेवला. ती चित्राभोवतीच्या दबलेल्या कडेवरून बोट फिरवत गेली, मग फुलीवरून.

"काका, शाई वर आलीये. लागते हाताला." बोट रेघेच्या टोकाशी थांबले. "कुठेच घसरली नाहीये. बरोब्बर कोपऱ्यात येऊन थांबलीय. रागात मारलेली रेघ अशी नसते."

बाईंनी पुरावा का ठेवला होता ते आता बाईच सांगत होत्या.

केतकीने लॅपटॉप ओढून ती फाइल आमच्यादेखत डिलीट केली. "गेस्टना खजुराचे बॉक्स देऊ, सर."

"दाखव पाहू," म्हणत अध्यक्ष कागदाकडे वाकले. नुकतीच भजी खाऊन झाली होती.

केतकीने कागद हळूच आपल्याकडे ओढला.

"सर, आधी हात."