खिडकीभोवतीच्या गाठी

त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, पण त्याच्या पोटातली महाधमनी मला पाठ होती. हृदयातून निघून पोटात उतरणारी ही मोठी रक्तवाहिनी त्याच्या बाबतीत एका जागी फुगून मोसंबीएवढी झाली होती. तो फुगा फुटला असता तर त्याला दवाखाना गाठायलाही वेळ मिळाला नसता. वय सत्तरीच्या पुढे, फुप्फुसं अधू, त्यामुळे पोट उघडून ऑपरेशन करायला डॉक्टर तयार नव्हते. स्कॅनमध्ये त्याचा कणा डावीकडे झुकलेला दिसायचा. माझे वडील तालुक्याच्या बाजार समितीत हमाली करायचे, त्यांचा कणाही असाच झुकला होता. हे मी कुणाला बोललो नाही.

पिरंगुटजवळच्या आमच्या लहानशा कारखान्यात अशा रुग्णांसाठी कापडी नळ्या तयार होतात. त्या तपासून सही करणं आणि परवानग्यांचे अर्ज भरणं हे माझं काम. बारीक तारेच्या कड्या कापडावर शिवायच्या आणि ती नळी आवळून पेन्सिलीएवढ्या आवरणात बसवायची. डॉक्टर ती जांघेतल्या वाहिनीतून वर सरकवतात आणि फुग्याच्या जागी उघडतात. मग रक्त नळीतून वाहतं आणि फुग्यावरचा दाब उतरतो. या माणसाचा फुगा मात्र मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या वाहिन्यांना भिडला होता. साधी नळी बसवली तर त्या झाकल्या गेल्या असत्या. म्हणून त्याच्या मापाने नळीला दोन खिडक्या ठेवायच्या होत्या, प्रत्येक मूत्रपिंडासाठी एक. ही पद्धत आमच्याकडे अजून नवी आहे, एकेका रुग्णासाठी परवानगी घ्यावी लागते. एवढं सगळं नवं असलं तरी शिवण हातानेच होते.

ती शिवत होत्या माझ्या घरमालकीण. कासार आंबोलीत मी त्यांच्या मागच्या खोलीत राहतो. त्यांना मी वहिनी म्हणतो, त्या मला भावजी म्हणतात. मी नवीन होतो तेव्हा पावसाळाभर त्यांनी मला भाकरी घातली आणि पैशांचा कधी विषयही काढला नाही. आमच्या घरात पदवी मिळवलेला मी पहिलाच. शिष्यवृत्तीवर आणि दुसऱ्यांच्या डब्यावर शिकलो, त्यामुळे भाकरी कुणाच्या हातची आहे हे मी विसरत नाही. वहिनी वीस वर्षं गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवत होत्या. कारखान्यात हात बसलेल्या बायका हव्या होत्या, तेव्हा मीच त्यांचं नाव दिलं.

पहिल्या सहा महिन्यांत त्या फक्त तारेच्या कड्या शिवायच्या. तिथे तार कापडाच्या बाहेरून असते, टाका तारेवरून येतो आणि गाठ आपोआप बाहेर पडते. खिडक्या शिवणारी मुलगी वेगळी होती. या माणसाची चाचणीची नळी तिनेच शिवली. त्याच्या महाधमनीच्या पारदर्शक प्रतिकृतीत पाणी सोडून डॉक्टरांनी ती तपासली आणि पसंत केली. मग ती मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि खरी नळी वहिनींकडे आली.

शनिवारी त्यांनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. "भावजी, खिडकीची गाठ कुटं घ्यायची?"

मी संगणकावर परवानगीचा अर्ज भरत होतो. मी म्हणालो, "नेहमी घेता तशीच घ्या, वहिनी."

मंगळवारी दुपारी नळी तयार झाली. मी ती भिंगाखाली फिरवून पाहिली. इतकी स्वच्छ शिवण मी आजवर पाहिली नव्हती. खिडकीभोवती टाके एका उंचीचे, कुठे फुगवटा नाही की धागा वर आलेला नाही. मी सही केली. तीन वाजता नळीचा निळा डबा गाडीतून निर्जंतुकीकरणाच्या केंद्राकडे निघाला. तिथली पुढची फेरी गुरुवारी सकाळी होती आणि ऑपरेशन येत्या शनिवारी.

साडेतीनला चहा झाला. मी वहिनींना म्हणालो, "काय शिवलंय तुम्ही! डॉक्टर बघत बसतील."

"मंग!" त्या खुशीत होत्या. "भायेरनं एक तरी गाठ दावा, नाव बदलीन. आमच्यात गाठ वर दिसली की गिऱ्हाईक बिलोज तोंडावर फेकतंय. समद्या आत दडवल्यात."

मी कप खाली ठेवला. 'नेहमी घेता तशीच' म्हणजे त्यांनी ब्लाउजसारखी गाठ घेतली होती.

ब्लाउजची आतली बाजू म्हणजे उलटी बाजू. ती कुणाला दिसत नाही, म्हणून गाठी तिथे. आमच्या नळीची आतली बाजू म्हणजे रक्ताची वाट. डॉक्टर आतून एक बारीक तार खिडकीतून मूत्रपिंडाच्या वाहिनीत सरकवतात. ती तार गाठीला अडकू शकते. शिवाय गाठीवर रक्त साकळून गुठळी धरू शकते. गुठळी सुटून मूत्रपिंडात गेली, तर फुग्यातून वाचवलेला माणूस आपण दुसऱ्या मरणाकडे ढकलला.

मी तपासणीचे फोटो उघडले. नळीच्या तोंडातून आत पाहणारा एकच फोटो होता. तो मोठा केल्यावर डाव्या खिडकीच्या कडेला पांढरे ठिपके दिसले. सही करण्याआधी हाच फोटो मी काढला होता आणि पाहिला नव्हता.

त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते. वाटलं, ठिपके फार बारीक आहेत. डॉक्टर कुशल आहेत, तार निघून जाईल. मग तो झुकलेला कणा आठवला. मी उठून विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत गेलो.

"मॅडम, त्या नळीतल्या खिडक्यांच्या गाठी आत आहेत. वहिनींनी मला विचारलं होतं. मी लक्ष न देता उत्तर दिलं."

मॅडमनी फोटो पाहिला. "चूक कुणाची ते शनिवारनंतर बघू. एकदा ती गॅसच्या यंत्रात गेली की तिला पुन्हा सुई लावता येणार नाही, आणि नवी शिवायला आठ दिवस. तो माणूस आठ दिवस थांबू शकत नाही. उसवून पुन्हा शिवायला फक्त उद्याचा दिवस आहे. आधी डबा आणा."

ड्रायव्हर फोन उचलेना. केंद्राचा फोन लागेना. मी मोटारसायकल काढली.

भुकूमपर्यंत रस्ता मोकळा होता, तेवढीच जास्त भीती वाटली. मोकळा रस्ता म्हणजे गाडी लांब गेलेली. भूगावला कोंडी लागली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिचे आभार मानले. डंपर, शाळेच्या बस आणि गाड्यांच्या फटींतून मी एकेक पांढरी गाडी बघत पुढे सरकत होतो. दोन गाड्या भलत्याच निघाल्या. एका बाईने काच खाली करून विचारलं, "काय चोरलंय का कुणी?" तलावाच्या पुढे आमची गाडी दिसली. ड्रायव्हर शेंगा सोलत बसला होता.

"फोन का उचलत नाही?"

"गाडी चालवताना उचलायचा न्हाई म्हणून कागदावर सही तुमीच घेतली न्हवं?"

"डबा द्या."

"असा कसा देऊ? माझ्या मालाच्या चलनावर तुमची सही पायजे." त्याने पेन माझ्यापुढे धरलं. मी कागद उलटाच धरून सही केली, तेव्हा त्याने शेंगा बाजूला ठेवल्या. "सर, पाणी प्या आदी."

परत आलो तेव्हा वहिनी कारखान्याच्या दारातच उभ्या होत्या. त्यांना कळलं होतं.

"मी इचारलं व्हतं तुमाला."

"हो. विचारलं होतं. तसं मी मॅडमना सांगितलंय."

संध्याकाळी घरी मागच्या दाराशी माझं ताट झाकून ठेवलेलं होतं. रोजच्यासारखी हाक मात्र आली नाही.

बुधवारी सकाळी आम्ही बसलो. दोन खिडक्या, प्रत्येकीभोवती सोळा टाके. सगळे उसवायचे आणि नवा टाका जुन्याच छिद्रातून न्यायचा. एकही नवं छिद्र पडलं तर कापडातून रक्त झिरपणार. मास्कवर वहिनींचे फक्त डोळे दिसत होते. त्यांनी सुई हातात घेतली आणि थांबल्या.

"आता तोंडानं बोला, सायेब. गाठ कुटं?"

"बाहेर. रक्ताच्या बाजूला नाही."

"मोठ्यांदा."

"बाहेर, वहिनी."

प्रत्येक टाक्याला त्या विचारत होत्या आणि प्रत्येक टाक्याला मी सांगत होतो. सुरुवातीला तो टोमणा होता. चौथ्या-पाचव्या टाक्यानंतर नुसती कामाची लय उरली. उजव्या खिडकीच्या नवव्या टाक्याला सुई छिद्राच्या कडेला टेकली आणि कापड जरासं ओढलं गेलं. त्यांनी सुई मागे घेतली, डोळे मिटले, हात मांडीवर ठेवून थोडा वेळ बसल्या. मग पुन्हा सुई लावली. या वेळी ती छिद्रातूनच गेली.

दुपारी खिडक्या बुजवून नळी पाण्याच्या चाचणीला लावली. मॅडम, मी आणि वहिनी काचेपाशी उभे होतो. टाक्यांतून थेंब आला नाही. या खेपेला मी नळीत बारीक कॅमेरा घालून आतून चहूबाजूंनी फोटो काढले, आणि सही करण्याआधी प्रत्येक फोटो पाहिला. गुरुवारी पहाटे डबा मीच घेऊन गेलो.

शनिवारी सकाळी ऑपरेशन सुरू झालं. वहिनी दुसऱ्या रुग्णाच्या नळीवर बसल्या होत्या. मी शिवणखोलीच्या काचेच्या अलीकडे फोन समोर ठेवून अर्ज भरत होतो. एकच रकाना तीनदा खोडला. साडेबाराला डॉक्टरांचा फोन आला.

"तार दोन्ही खिडक्यांतून पहिल्याच प्रयत्नात गेली. दोन्ही मूत्रपिंडांत रक्त व्यवस्थित चाललंय. फुग्यात आता रक्त जात नाही. पेशंट शुद्धीवर आलाय, चहा मागतोय."

मी काचेवर टकटक केली. वहिनींनी मान वर केली नाही. पुन्हा टकटक केली, तेव्हा त्यांनी डावा हात वर करून मला थांबवलं.

"टाका अर्धा हाय."

मी थांबलो. त्यांनी सुई ओढून घेतली, धागा वळवला, बाहेरच्या बाजूला गाठ मारली आणि चिमट्याने तिच्यावर हलकेच दाब दिला. मग चिमटा खाली ठेवून माझ्याकडे बघितलं.

"आता बोला, भावजी. काय म्हणलं डागदर?"