चवीच्या वहीतली एक ओळ

वास आधी आला, ताट नंतर. लेकीच्या शाळेच्या व्हरांड्यात मी सतरंजीवर बसले होते. पोरांच्या आधी कुणातरी पालकानं खिचडी चाखायची आणि चवीच्या वहीत अभिप्राय लिहायचा असा नियम आहे, आणि आज पाळी माझी होती. खिचडी दिसायला पिवळीधमक. पण वाफेबरोबर तो वास वर आला, डब्याच्या बुडाशी महिनोन्‌महिने बसलेल्या तेलाचा, टाळूला चिकटणारा खवट वास. एक घास गिळला आणि ढेकर आला. लोक तृप्तीचा म्हणतात तो नव्हे. गिळलेलं पुन्हा एकदा चाखायला लावणारा.

हा वास माझ्या ओळखीचा आहे. वर्ध्याला वसतिगृहात राहून कॉलेज केलं तेव्हा मी तो दोन्ही वेळ जेवले. आम्ही आष्टीकडचे, घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी आजही मान ताठ ठेवूनच सांगते. वसतिगृहात स्वयंपाकाला एक मावशी होत्या. पवनारवरून सकाळच्या पहिल्या बसनं यायच्या. कोपरापर्यंत फोडणीचे डाग, आणि बोलणं असं की नव्या मुलीला वाटावं, या भांडूनच राहिल्यात. वाढून झालं की प्रत्येकीला एकच प्रश्न, “पोट भरलं काय वं?” हो म्हटलं तरी त्या तोंडाकडे बघत नसत, ताटाकडे बघत. भात बाजूला सारलेला दिसला की म्हणायच्या, “काऊन खोटं बोलतं वं? बस खाली. तव्यावर भाकर टाकतो.”

मला तेव्हा शब्दांचं भारी वेड. मराठी विषय घेतला होता आणि ग्रंथालयातला जाडजूड शब्दकोश मी मांडीवर घेऊन बसायचे. आमच्या घरी समाधान, संतोष, तृप्ती असलं काही कुणी बोलत नसे. उन्हातून आलेल्या माणसाच्या हाती पाण्याचा गडू दिला की तो म्हणे, “आत्मा थंड झाला.” लेकराचा ताप उतरला की आई म्हणे, जीव ठिकाणावर आला. ते शब्द अंगातून यायचे. कोशातले मात्र निराळे, एकमेकांपासून जरा अंतर राखून बसलेले. संतोषाला काही मिळावं लागत नाही. तो असला तर आधीपासूनच असतो. तृप्तीला घास लागतो, आणि दिवस मावळेपर्यंत ती विरूनही जाते. समाधानात मला नेहमीच थोडी तडजोड जाणवते, मनाची समजूत घालून त्याला खाली बसवल्यासारखी. आणि या सगळ्यांत वाईट तो ‘समाधानकारक’. कुणाचं समाधान, हे त्याला विचारायचंच नसतं. रस्त्याचं काम, रुग्णाची प्रकृती, पोराची प्रगती, कशावरही चिकटवावा आणि पुढं जावं. या शब्दाची मला शिसारी येते. पण त्याहून जास्त शिसारी येते ती मी स्वतः लिहिलेल्या एका ओळीची.

वसतिगृहाची तपासणी होती. अधीक्षिका बाईंनी अभिप्रायाची वही माझ्यापुढं ठेवली. “तूच लिही. तुझ्याजवळ शब्द आहेत,” म्हणाल्या. सकाळीच मी वरणातून सोंडा, धान्यातला किडा, काढून ताटाच्या कडेला ठेवला होता. तरी लिहिलं, ‘भोजन सात्त्विक व रुचकर असून आम्ही सर्व विद्यार्थिनी पूर्णतः तृप्त व समाधानी आहोत.’ खाली सही, आणि सहीखाली ‘बी. ए., प्रथम वर्ष’. भीतीपोटी लिहिलं असतं तर आज मी स्वतःला माफ केलं असतं. पण मला ती ओळ आवडली होती हो. लिहून झाल्यावर मी ती दोनदा वाचली.

दुपारी तपासणीचे साहेब जेवणघरात आले, तशा मावशी पदरात तांदूळ घेऊन त्यांच्यापुढं उभ्या राहिल्या. “पाहा साहेब, सोंडे चालून राह्यले. आन्‌ तेलाचा वास घ्या. पोरी उपाशी उठतेत.” साहेबांनी पदराकडं पाहिलं नाही. वही उघडली आणि माझी ओळ मोठ्यानं वाचली. “मुली तर तृप्त आहेत बाई! जेवतात त्या, आणि तक्रार तुमची?” बरोबरचे लोक हसले. अधीक्षिका बाईंनी कौतुकानं माझ्याकडं बोट केलं.

मावशींनी विचारलं, “तू लिवलं वं?”

मी मान हलवली. नुसतं ‘मावशी खरं सांगतात’ एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. तीन साधे शब्द. कोशात बघायचीही गरज नव्हती.

“मंग मीच लबाड,” म्हणून त्यांनी पदर झटकला. तांदूळ फरशीवर सांडले. संध्याकाळी त्यांना सांगितलं गेलं, उद्यापासून येऊ नका. पिशवी घेऊन त्या फाटकाशी आल्या तेव्हा मी तिथंच उभी होते. वाटलं, शिव्या देतील. त्या थांबल्या, आणि रोजच्याच आवाजात म्हणाल्या, “पोट भरलं काय वं?”

त्या पवनारच्या बसकडं निघून गेल्या.

आज शाळेत गुरुजींनी वही पुढं केली. “एक ओळ फक्त, ताई. सगळे तेच लिहितात.” खरंच होतं. पानामागून पान, निरनिराळ्या अक्षरांत तोच एक शब्द, ‘समाधानकारक’. दाराशी खिचडी करणारी बाई डाव हातात धरून उभी होती.

मी लिहिलं, ‘तेल खवट आहे. मला दुसरा घास गेला नाही. मुलांना हे वाढू नये.’ सही केली, खाली ‘बी. ए.’ लिहिलं.

गुरुजींचा चेहरा उतरला. “हे काय ताई? आता वर काय सांगू मी?” त्या बाईकडं वळून मी म्हटलं, “तुमचं नाव नाही घातलं. तेल तुम्ही थोडंच आणता?” ती चटकन आत गेली आणि तेलाचा डबा उचलूनच घेऊन आली. “घ्या गुरुजी, वास घ्या. मी सांगून सांगून थकलो.”

घरी येऊन मी दोनदा चूळ भरली. तोंडातली चव अजून गेलेली नाही. जे वाटतंय त्याला समाधान म्हणवत नाही, आणि कोश काढून दुसरा शब्द शोधायचीही इच्छा नाही. इतक्या वर्षांत फाटकाजवळचा तो प्रश्न मात्र तसाच उभा आहे, आणि त्याचं उत्तर कोशात कधीच नव्हतं.

नाई भरलं, मावशी. एकही दिवस नाई.