कोरा भात

माझी नऊवारी अजून ऑफिसच्या कपाटात आहे, जुन्या फायलींच्या खाली. मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले आणि बोईसरच्या एका कारखान्यात लॅबमध्ये लागले. तिसऱ्या महिन्यात जपानी पाहुणे येणार होते, ओवाळायला कुणीतरी हवी होती. मॅनेजरसाहेबांनी लॅबच्या दारातून आत नजर टाकली आणि मला बोलावून घेतलं. शिवलेली नऊवारी, दाबाची नथ, हातात ताट. पाहुणे खूश झाले आणि माझं वाटोळं झालं. तेव्हापासून जर्मन येवोत की सुरतचे व्यापारी, दारात मीच. लॅबमधलं माझं स्टूलही कुणीतरी घेतलं.

जपान्यांबरोबर एक दुभाषी बाई यायच्या, साठीच्या, शांत. एकदा चहाच्या वेळी मी वैतागून त्यांना विचारलं, की तुमच्याकडे गेशा असतात तशीच मी इथली गेशा का? त्या हसल्या नाहीत. त्यांची मावशी क्योटोत गेशा होती. गेशा म्हणजे कला जाणणारी व्यक्ती, त्या म्हणाल्या, आणि अगदी पहिल्या गेशा तर पुरुष होते. मावशीने वर्षानुवर्षं नाच आणि तीन तारांचं वाद्य शिकण्यात घालवली. घर चालवणारीला आई म्हणायचं, आधी शिकलेलीला ताई. शिकाऊ असताना केसांची रचना मोडू नये म्हणून उंच लाकडी उशीवर मान टेकून झोपायचं. तोंडाला पांढरा रंग, मानेवर मात्र थोडी कातडी मुद्दाम उघडी. शिकणं पुरं झालं की किमोनोची लाल कॉलर जाऊन पांढरी येते, आणि बाई जितकी जाणती होत जाते तितका तिचा साजशृंगार कमी होत जातो. माझं उलटं चाललं होतं. मला नोकरीत वर्षं होत होती आणि नथ मोठी होत होती. मला त्या मावशीचा हेवा वाटला, हे सांगायला लाज वाटत नाही. तिला निदान काही शिकवलं तरी होतं.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट डोक्यातून जाईना. गेशा ते काम सोडते तेव्हा आपल्या गुरूंना आणि घरच्या आईला भाताचे डबे देते. भात नुसता पांढरा असेल तर ती कायमची चालली. त्यात लाल दाणे घातलेले असतील तर कधीतरी परत येईन, असा अर्थ. मावशीने पांढरा भात वाटला होता.

आमच्या दांडी गावात असं कायमचं जाते म्हणताच येत नाही. बाबा मासेमारीच्या बोटीवर जातात. घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’च म्हणायचं. बाबा समुद्रावर असताना तर घरातल्या कुणाच्याही तोंडून तो शब्द निघायला नको, अगदी कोपऱ्यावर मीठ आणायला निघालेल्याच्याही. मी जन्मात ‘जाते’ म्हटलेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मला दुसऱ्या कारखान्यात लॅबची जागा मिळाली. एक तारखेला हजर व्हायचं, मात्र सोबत जुन्या ठिकाणचं सोडल्याचं पत्र हवं. साहेब म्हणत राहिले, ही एक व्हिजिट होऊ दे. अडला हरी, मी तीन व्हिजिटी ओवाळलं. शेवटी एका शुक्रवारी पत्र द्यायचं साहेबांनी कबूल केलं. त्याच दिवशी जपानी येणार होते, म्हणजे दुभाषी बाईही. मी मनाशी पक्कं केलं, साहेबांना पांढऱ्या भाताचा डबा द्यायचा आणि ‘जाते’ म्हणायचं. अर्थ आम्हा दोघींनाच कळला तरी चालणार होता.

सकाळी कुकर लावून, भात साहेबांना न्यायचाय एवढं आईला सांगून मी आंघोळीला गेले. येऊन बघते तर आईने डबा भरून झाकण लावून ठेवलेला. मी तसाच उचलला.

ओवाळणं झालं, पाहुणे बसले, मी साहेबांसमोर डबा उघडला. भातात तांबडी चवळी होती, चांगली मूठभर. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. दुभाषी बाईंनी डब्यात पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच विचारलं, परत येणार का? मी बाहेर जाऊन आईला फोन लावला.

“कोरा भात कोन नेतं लोकांना? सुतकाचा हाय काय?” आई म्हणाली. “बाबा समुद्रात हाय तुजा. म्हनून चवळी टाकली.”

आत आले तोवर साहेबांनी निम्मा डबा संपवला होता. भाताची तारीफ करून त्यांनी सांगितलं, की सही करणारे आज नाहीत, पत्र सोमवारी. सोमवारी कोरियाचे लोकही आहेत, तेव्हा आठला या.

मी पर्स उचलली. पत्र आज द्या नाहीतर मी चालले, एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर होता. पण बाबा समुद्रात होते.

“येते,” मी म्हणाले.

बाबा रविवारी सुखरूप परतले. सोमवारी आठ वाजता मी दारात ताट घेऊन उभी होते.