गाडीतला चौथा कॅन

दार उघडत नव्हतं. आत आमचे हे खोकत होते, आणि तो खोकला नेहमीचा नव्हता. घशात हात घालून कुणी आतडं ओढावं तसला आवाज होता. काचेवर त्यांचा हात आपटला आणि खाली घसरला. दाराच्या फटीतून वास आला, माझे डोळे झोंबले.

"अहो, मागं ओढा! दार मागं ओढा!" मी ओरडले. आतून नुसता खोकला.

गाडी म्हणजे माझ्या मुलाचा जुना टेम्पो. गोकुळ रोडच्या एका वर्कशॉपमध्ये देऊन त्यानं आत दोन बाकं, गॅसची शेगडी आणि मागच्या दाराला लागून पाण्याच्या चार कॅनची लोखंडी चौकट करून घेतली. मागचं दार त्या चौकटीनं बंदच झालं, ये-जा बाजूच्या सरकत्या दारानं. सुट्टी मिळाली की तो आणि सून दांडेलीच्या जंगलाकडं नाहीतर कारवारच्या समुद्राकडं जातात. गाडीतच शिजवतात, गाडीतच झोपतात. घर असताना माणूस गाडीत का झोपतो ते मला कळत नाही, पण मला कुणी विचारलेलं नाही. आमचा रस्ता उताराचा आहे. गाडी तोंड खाली करून उभी असली की सरकतं दार आपोआप पुढं जाऊन बसतं आणि अडकतं. आतली कडी ढिली होती. आज करतो, उद्या करतो, असं मुलाचं चाललं होतं.

आणि आमच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, कधी त्याहून उशिरा. धुण्याचं पाणी एकदाच वापरून गटारात ओतणाऱ्या बाईला इथं कुणी शहाणी म्हणत नाही. पहिल्या घागरीचं धुवण दुसऱ्या घागरीत, दुसरीचं तिसरीत, मग बादलीत, मग पायरीवर, शेवटी झाडाला. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच. माझ्या घरात पुरुषसुद्धा तसंच धुतात.

त्या दिवशी पाणी यायला अजून अवकाश होता. मागच्या फेरीहून आल्यावर चारही कॅन तळाशी पाणी असतानाच झाकणं घट्ट लावून गाडीत तसेच राहिले होते. आत बुळबुळीत झाले, वास मारायला लागले. चौथ्या कॅनमध्ये वाटेवरच्या एका बोअरचं पाणी भरलं होतं, त्याचा पांढरा थर बसला होता. सून शिक्षिका आहे, त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. थर जावा म्हणून तिनं न्हाणीघराच्या फरशीचं ॲसिड त्या कॅनमध्ये ओतलं, थोडं भिजू दे म्हणाली असेल मनात, आणि भाकरी करायला आत आली. सांगितलं कुणालाच नाही.

यांना रिकामं बसवत नाही. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून घरातली प्रत्येक वस्तू हे एकदा तरी धुतात. ब्लिचिंग पावडरचा डबा घेऊन गाडीत गेले. कंबर धरलेली, म्हणून कॅन खाली न उतरवता आतच कामाला लागले. पहिल्या कॅनमध्ये पावडर घट्ट कालवली, हलवली, ते पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात. आणि तिसऱ्यातलं चौथ्यात.

ॲसिडवर ब्लिचिंग पडलं की विषारी वायू होतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, यांना नव्हतं आणि तिलाही नव्हतं. तिनं मुलांना विज्ञान शिकवलं असेल, पण चौथ्या कॅनमध्ये तिसऱ्याचं पाणी येणार हे पुस्तकात नसतं.

आता आमच्याकडं कॅन वेगळे धुतात. प्रवासाहून आलं की त्याच दिवशी रिकामे करायचे. मूठभर तांदूळ आणि कोमट पाणी घालून खळखळून हलवायचे. पांढरा थर लिंबानं जातो. उशिरा जातो, पण जातो. ब्लिचिंग वापरायचं तर अगदी थोडं, एकटंच, उघड्यावर, आणि ते पाणी कशातही न साठवता ओतून द्यायचं, कोण काय म्हणेल ते म्हणू दे. मग सावलीत उपडे घालायचे, आतून कोरडे होईपर्यंत. झाकण वेगळं ठेवायचं. त्या दिवशी यातलं काहीच झालं नव्हतं.

माझ्या ओरडण्यानं सून पिठाच्या हातानं धावत आली. वास आल्याबरोबर थांबली. "आत्ती, त्यात ॲसिड आहे! मी घातलंय!"

"मग आता सांगतेस?" मी म्हटलं, आणि घरात पळाले. पाट्यावरचा वरवंटा आणला आणि काचेवर घातला. पहिल्यांदा काच नुसती तडकली. दुसऱ्यांदा फुटली. आतून पिवळट हिरवा धूर माझ्या तोंडावर आला. मी मागं पडले.

समोरच्या घरातला रिक्षावाला सळई घेऊन आला. त्यानं दाराच्या फटीत सळई घालून जोर केला. शेजारीण पाण्याची बादली घेऊन धावली, तसा तो तिच्यावर खेकसला, "नीर बेड अक्का, गाळी बिडरी!"

"पाणी नको म्हणतोय, वारा येऊ दे म्हणतोय. सरका!" मी म्हटलं. शेजारणीलाही कानडी माझ्याएवढंच येतं, पण माणूस घाबरला की कुठलीच भाषा कळत नाही.

दार सरकलं. हे दोन बाकांच्या मधे पडले होते, पाय अडकलेला.

"तू जाऊ नको," मी सुनेला म्हटलं. "या रिक्षावाल्याला जाऊ दे."

"तो मावणार नाही तिथं, आत्ती." ओढणी तोंडाला बांधून ती आत शिरली. हे काही हलके नाहीत. ती आतून ढकलत होती, रिक्षावाला बाहेरून काखेत हात घालून ओढत होता. यांचा पाय सुटेना. ती खाली वाकली, बाकाखाली हात घातला, खोकली, पुन्हा वाकली. मला वाटलं आता दोघंही आतच राहतात. मग हे एकदम बाहेर आले, रिक्षावाल्याच्या अंगावर. त्यांच्यामागून ती आली आणि पायरीवर बसली.

त्याच रिक्षातून दवाखान्यात गेलो. यांचे ओठ निळे पडले होते. तिथं लगेच मास्क लावला, सुई लावली. यांना आधीपासून दमा आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. सुनेलाही तपासलं. ती म्हणाली, "मला काही नाही, त्यांच्याकडं बघा." मग सगळे त्यांच्याकडंच बघायला लागले.

मुलगा कोप्पीकर रोडवरच्या दुकानातून आला तो ओरडतच. "तुला कुणी सांगितलं होतं ॲसिड घालायला? पाणी प्यायचा कॅन तो!"

"आणि कडी कुणी दुरुस्त करायची होती?" मी म्हटलं. "ओरडायचं असेल तर खाली रस्त्यावर जाऊन ओरड. इथं आजारी माणसं आहेत."

यांनी मास्क बाजूला करून मला जवळ बोलावलं. वाटलं, काहीतरी शेवटचं सांगतात. म्हणाले, "ते पाणी... सांडलं का सगळं?"

"सांडलं. मास्क लावा."

दुपार अशीच गेली. हे हळूहळू सावरत होते. सून बाहेरच्या बाकावर भिंतीला टेकून बसली होती. मुलगा तिच्याशी बोलत नव्हता, तीही त्याच्याशी बोलत नव्हती. मी तिला म्हटलं, "तुझ्यामुळं झालं हे." अशा बोलण्यावर ती गप्प बसणारी नाही. आमचं रोज वाजतं. पण तिनं नुसती मान हलवली. मी तिच्याकडं नीट बघितलं. ती तोंड उघडून भरभर, उथळ श्वास घेत होती. हातातल्या रुमालावर गुलाबी फेस होता, तिनं तो मुठीत दडवला होता.

मी नर्सला गाठलं. "सुनेला बघा."

"बघितलंय की अज्जी, बरी आहे ती."

"बरी नाही. मी एवढं बोलले आणि भांडली नाही ती माझ्याशी."

नर्स हसायला लागली, मग तिचं लक्ष रुमालाकडं गेलं आणि हसणं थांबलं. डॉक्टर धावत आले. तिला आत नेलं, आडवं होता येईना म्हणून बसवूनच मास्क लावला, मग मशीन आणलं. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं की हा वायू कधी कधी उशिरा दगा देतो, फुप्फुसात पाणी भरतं. ही आत जोर करत होती, म्हणून श्वासही मोठे घेतले. म्हातारे धोक्याबाहेर येताहेत, हिचं आता सांगता येत नाही.

मुलाचं तोंड पांढरं पडलं. मी म्हटलं, "तिच्या आईला अळणावरला फोन कर."

"सकाळी करतो. उगाच घाबरेल."

"आत्ता कर. मेल्यावर सांगायचं असतं काय?"

त्यानं केला. फोनवर बोलताना रडला. मी त्याला रडू दिलं, बसून राहिले. दाराच्या काचेतून तिची छाती वर-खाली होताना दिसत होती. मशीन हवा सोडत होतं तसा ती श्वास घेत होती. देवाचं नाव घेतलं म्हणून सांगणार नाही. मी तिच्या छातीकडं बघत होते, दुसरं काही केलं नाही.

तिची आई दिवस मावळल्यावर आली. मला वाटलं, शिव्या देईल. आल्या आल्या तिनं विचारलं, "जेवलात का तुम्ही?" मी नाही म्हटलं. मग आम्ही दोघी त्या काचेसमोर उभ्या राहिलो.

दुसऱ्या दिवशी हे उठून बसले. तिचं मशीन चालूच होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही चालूच होतं. मग एका सकाळी डॉक्टरांनी मशीन काढलं आणि ती स्वतःच्या श्वासावर राहिली.

हे वाचले. सून वाचली. तिला अजून जिना चढताना मधे एकदा थांबावं लागतं.