लॉन्सच्या पार्किंगमधली कंडक्टरबाई

"पावणं, गाडी जरा पुढं घ्या. खाली माणूस हाय."

हे बोलताना ती बॉनेटवर रुपयाचं नाणं दोनदा वाजवायची. ड्रायव्हर घाबरून खाली उतरायचा, वाकून चाकांमध्ये बघायचा, तिथं काहीच नसायचं. मग चिडून विचारायचा, कुठंय माणूस. ती न हसता जमिनीकडं बोट करायची. "आणखी खाली," म्हणायची. "आमच्यात पुरतात."

मीही असाच वाकलो होतो. ओतूरला माझा फोटो स्टुडिओ आहे आणि लगीनसराईत माझं निम्मं आयुष्य लॉन्समध्येच जातं. हायवेच्या कडेला नवीन लॉन्स झालं, तिथल्या पहिल्याच ऑर्डरला मी व्हॅन लावली, बॅगा उतरवल्या, आणि समोर ही उंच बाई उभी. अंगावर पांढरी साडी, काखेत प्लॅस्टिकची खुर्ची. मी खरोखर गुडघ्यांवर बसून व्हॅनखाली पाहिलं. पॅन्ट मुरमानं लाल झाली आणि नवरीचे मामा दिवसभर विचारत राहिले, भाऊ, पडला का कुठं.

तिला सगळे कंडक्टरबाई म्हणत. एसटीतून रिटायर झालेली. तुमच्यापैकी कोणी बाजाराच्या दिवशी जुन्नरहून बेल्ह्याला गाडीनं गेलं असेल, तर तो आवाज आठवेल. शेळ्या, कोंबड्या, माणसं सगळ्यांना ती एकाच सुरात मागं सरकवायची आणि कोणाची हिंमत व्हायची नाही. विसरणं हा प्रकार तिच्याकडं नव्हता. एकदा गर्दीत एका पोरानं कॉलेजच्या मुलीची ओढणी ओढली आणि येडगाव फाट्यावर गाडी हळू होताच उडी मारून पळाला. पुढच्या उन्हाळ्यात तोच पोरगा बापाच्या खताच्या दुकानाबाहेर तिला दिसला. तिनं घंटी मारून भरलेली गाडी थांबवली, खाली उतरली, बापाला बाहेर बोलावलं आणि पोरानं कान धरेपर्यंत गाडी हलू दिली नाही. प्रवासी कुरकुरायला लागले तेव्हा म्हणाली, "थांबा. ह्याचं तिकीट राह्यलंय."

अशा बाईच्या नवऱ्याच्या कबरीवरून जेसीबी फिरवला, हे लॉन्सच्या मालकाचं चुकलंच.

हे नीट सांगतो. लॉन्सला लागून ख्रिस्ती लोकांची जुनी दफनभूमी आहे. मिशनच्या काळात मिळालेली, चार करंजाची झाडं आणि बाकी गवत. आसपासच्या गावांत तेव्हा बरीच ख्रिस्ती घरं होती. आता बहुतेक पुण्याला गेली, इथं उरली ती मोजकीच. बाईचा नवरा त्यांच्यातला गवंडी. अर्ध्या तालुक्यातले बंगले त्यानं बांधले, पण कबर बांध म्हटलं की हात जोडायचा. म्हणायचा, न्यायाच्या शेवटच्या दिवशी सगळ्या मेलेल्यांना उठायचंच आहे, मग वर स्लॅब कशाला, उठताना डोकं आपटेल. त्याचं ऐकून कोणीच सिमेंट घातलं नाही. मातीचा उंचवटा आणि बाभळीचा क्रूस, एवढंच. क्रूस वाळवी खायची, उंचवटे पावसाळ्यात बसायचे. कोण कुठं आहे ते घराघराला माहीत होतं, त्यामुळं खुणेची गरज कोणाला वाटली नाही. स्वतः गवंडी गेला तेव्हा त्यालाही तसंच पुरलं.

पुढं एका मे महिन्यात बाई नगरला बहिणीकडं गेली होती. परत आली तर दफनभूमीची हायवेकडची बाजू सपाट. वर मुरूम, त्यावर रोलर फिरवलेला आणि चुन्याच्या पांढऱ्या रेघा. लॉन्सचं पार्किंग झालं होतं.

मालकाला सगळे शेट म्हणत. तोंडावर गोड माणूस. बाई जाब विचारायला गेली तर त्यानं चहा मागवला आणि म्हणाला, "बाई, तिथं काय व्हतं? गवत तर व्हतं. कबर असती तर मला दिसली नसती का?" जेसीबीवाला मात्र दारूच्या नादात चार जणांना सांगून बसला होता की बकेटमध्ये मयताच्या पेट्यांच्या फळ्या आल्या होत्या, आणि शेट शेजारी उभा राहून म्हणाला होता, ढकल पुढं.

तुम्ही म्हणाल, बाकीची ख्रिस्ती घरं काय करत होती? गप्प बसली होती. बाईनं जागेच्या सरकारी मोजणीसाठी अर्ज लिहिला, त्याला सह्या हव्या होत्या, की आमची माणसं इथं पुरलेली आहेत. सही केली तर आपण ख्रिस्ती आहोत हे कागदावर येतं. बऱ्याच घरांत शाळेच्या दाखल्यावर जुनी हिंदू जात लिहिलेली, त्यावर पोरांची सवलत, एखाद्याची नोकरी. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पोटापुढं माणूस काय करणार. बाई मात्र नावं ठेवायची, आणि तोंडावर. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना एका दूरच्या दिराला तिनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "भाऊजी, तुमी फक्त मेल्यावर ख्रिस्ती हुनार का?" अर्जावर शेवटी तिची एकटीची सही गेली. मोजणीवाले एकदा दोरी लावून गेले, ते पुन्हा आले नाहीत.

चर्चचे पाळक जुन्नरहून यायचे. मऊ आवाजाचे, चष्मा लावणारे गृहस्थ. त्यांनी तिला क्षमेबद्दल समजावलं. ती आदरानं ऐकून घेऊन म्हणाली, "साहेब, क्षमा करायला प्रभू हाय ना. समदंच त्याच्या वाटंचं काम मी कशाला करू?"

आणि तिनं स्वतःच्या वाटणीचं काम सुरू केलं.

लग्नाच्या प्रत्येक तारखेला ती पांढरी साडी नेसून हजर. आधी पार्किंगमध्ये गाड्यांची फेरी, नाणं, तेच वाक्य. मग लॉन्स आणि पार्किंगच्या मधल्या कंबरेएवढ्या भिंतीच्या पलीकडं खुर्ची टाकायची, आणि भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली की ही मयताच्या वेळची गाणी सुरू करायची. ओरडायची नाही. पण एसटीत कमावलेला आवाज, तो भटजींच्या माईकला पुरून उरायचा. माझी पंचाईत वेगळीच. हाराचा फोटो काढावा तर नवरा-नवरीच्या मधोमध मागं पांढरी साडी. लोक म्हणायचे, फोटोवाले, ती बाई काढून टाका. मी काढायचो. खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी काढायचो नाही. हा शेट आम्हा फोटोवाल्यांना, बँडवाल्यांना खरकट्या ताटांच्या टपाशेजारी जेवायला बसवायचा. त्याच्या लॉन्सच्या जाहिरातीचा व्हिडिओ मी केला, त्यात ती तीनदा दिसते.

शेटनं पोलीस बोलावला. हवालदार आला, तिनं त्याला विचारलं की नवऱ्याच्या कबरीपाशी बसायला कुठल्या कलमानं बंदी आहे. हवालदार लहानपणी तिच्याच गाडीनं शाळेत जायचा. तो पाणी पिऊन परत गेला.

नाताळात तिच्या करंज्यांचे डबे गावभर जायचे. त्या वर्षापासून शेटच्या वॉचमनला दोन डबे जाऊ लागले, ड्रायव्हरला दोन, धुणंभांड्याच्या बाईला दोन, तेही शेट घरी असताना, त्याच्या दारात उभं राहून. शेटला काही नाही. शेटच्या म्हाताऱ्या आईला करंज्या फार आवडायच्या, तिनं एकदा निरोप धाडला. बाईनं उलट निरोप दिला की मुलाला विचारा.

एवढं सगळं मला करमणुकीसारखं वाटायचं, एक दिवस सोडून. लग्न उरकलं होतं, गाड्या गेल्या होत्या, मी वायरी गुंडाळत होतो. ती रिकाम्या पार्किंगमध्ये एकटी फिरत होती. दोन पावलं टाकायची, थांबायची, करंजाच्या झाडाकडं बघायची, पुन्हा मागं यायची. मी विचारलं, काही हरवलं का.

"दोन झाडं व्हती ह्या अंगाला," ती म्हणाली. "त्यांच्यावरनं अंदाज लागायचा. ती बी पाडली त्यानं. मी समद्याच गाड्यांना सांगती, का? तर कोणत्या गाडीखाली त्यो हाय, ते आता मला तरी कुठं म्हाईत."

मी वायर गुंडाळत राहिलो. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता, आणि तो बघून मला माझा राग फारच स्वस्तातला वाटला.

मग शेटच्या मुलीचं लग्न ठरलं, अर्थात त्याच लॉन्सवर. शेट आठवडाभर आधी बाईच्या घरी गेला. मी पत्रिकेच्या फोटोसाठी त्याच्या गाडीत होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, माझ्या पोरीच्या लग्नात तेवढं येऊ नका.  बाई म्हणाली की येत नाही, पण एक अट. मंगलाष्टकांच्या आधी तू माईकवर सांगायचं, पार्किंगखाली आमची माणसं आहेत आणि जेसीबी मी फिरवला. बास, दुसरं काही नको. शेट म्हणाला, "सांगतो. पोरीची आन."

बाईनं शब्द पाळला. त्या दिवशी भिंतीपलीकडं खुर्ची नव्हती. तिचं घर लॉन्सपासून हाकेच्या अंतरावर. ती ओट्यावर बसून कर्ण्याचा आवाज ऐकत होती. आपल्याकडच्या लग्नात नावं किती पुकारतात तुम्हाला माहीतच आहे. कारखान्याचे संचालक, दूध संघाचे संचालक, सोसायटीचे चेअरमन, माजी सरपंच, त्या माजी सरपंचांचे मेव्हणे. नावांनी तास खाल्ला. शेटनं माईक हातात घेतला, सगळ्यांचे आभार मानले, घसा खाकरला आणि माईक भटजींना दिला.

संध्याकाळी मी तिच्याकडं गेलो. ती अजून ओट्यावरच होती. मला म्हणाली, "समद्या तालुक्याची नावं झाली, राव. जित्या माणसाचं एक बी नाव राह्यलं न्हाई." त्यानंतर शेटबद्दल ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पाळकांशी मात्र बोलली. मला त्या पार्किंगमध्येच पुरायचं, दुसरीकडं पुरलंत तर उठून येईन, असं बजावून तिनं त्यांच्याकडून शब्द घेतला.

पुढच्या वैशाखात ती गेली. साखर होती, मग किडनी गेली, नारायणगावच्या दवाखान्यात आठवडाभर पडून होती. दफन दुसऱ्या दिवशी, आणि त्या दिवशी लॉन्सवर लग्न होतं. ऑर्डर माझीच होती. पाळक आणि चर्चची पोरं कुदळी घेऊन पार्किंगमध्ये आली तशी जेवणारी माणसं हातात ताटं घेऊन भिंतीशी गोळा झाली. शेट धावत आला. एवढ्या पाहुण्यांसमोर तो चढ्या आवाजात म्हणाला, "हितं कधीच कबर नव्हती. खणून बघा. एक फळी निघाली तर जागा तुमची."

पोरांनी खणलं. मुरूम निघाला, खाली काळी माती. पोरं कमरेएवढी खोल गेली आणि कुदळ लाकडावर वाजली. पाळकांनी हात वर केला, पोरं बाहेर आली, त्यांनी प्रार्थना करून खड्डा बुजवला. चार हात सरकून दुसरा खणला. तिथं हाडं होती आणि लहान मुलाची चांदीची तोरडी. तोही बुजवला. पाहुण्यांनी ताटं खाली ठेवली, म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. बँडवाल्यांना कोणी सांगितलं नाही, तरी ते थांबले. चर्चमधला तो दूरचा दीर, ज्यानं सही केली नव्हती, तो तोरडीच्या खड्ड्याशी मटकन बसला आणि मोठ्यानं आपल्या बहिणीचं नाव घेऊन रडायला लागला.

नवरदेवाचे आजोबा, शेटच्याच भावकीतले, काठी टेकत भिंतीशी आले. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुला ठावं व्हतं का रं?"

शेटनं आजूबाजूला पाहिलं. सगळा तालुका तिथं होता.

"व्हतं," तो म्हणाला.

मला आनंद झाला. मयताच्या जागी उभं राहून आनंद झाला, आणि लगेच बाईच्या पेटीकडं लक्ष गेलं. एवढ्या एका शब्दासाठी तिनं किती उन्हाळे काढले, आणि आता झाकणावर खिळे बसले होते. गवंडी शेवटपर्यंत सापडला नाही. मोकळी जमीन मिळाली ती लॉन्सच्या कमानीच्या अगदी पायथ्याशी, जिथून वरात आत जाते. तिला तिथंच पुरलं.

पेटी खाली गेली. आधी पाळकांनी मूठभर माती टाकली, मग बहिणीनं, मग आम्ही एकेकानं. ओळीच्या शेवटी शेट आला. खाली वाकला, मूठ भरली आणि हात पुढं केला. पाळकांनी त्याचं मनगट धरलं. आयुष्यभर क्षमा शिकवत आलेला तो मऊ आवाज होता, जराही चढला नाही.

"तुम्ही नका टाकू, शेट. तुम्ही आधीच पुष्कळ टाकलीय."

शेटनं मूठ उघडली. माती त्याच्याच बुटांवर पडली.