धन्याच्या नावानं

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा माझ्याकडे एक काम होतं, त्याला धड नाव नव्हतं. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत जी थोडीफार माणसं नव्याने ख्रिस्ती विश्वासात आली होती, त्यांच्या घरी जायचं आणि त्यांना एकट्याने प्रार्थना करायला शिकवायचं. उपासनेला बसून पाळकांच्या मागे डोळे मिटणं सगळ्यांना जमतं. घरी कुणी पाहत नसताना देवाशी काय बोलायचं ते जमत नाही, असं आमच्या वरच्यांचं म्हणणं होतं. नारायणगावात स्टँडमागे मी खोली घेतली होती. तिथून जीपने आळेफाटा, फाट्यावर दुसरी जीप, मग राजुरीच्या अलीकडे उतरून वस्तीपर्यंत पायी. आमच्या घराण्यात पणजोबांपासून ख्रिस्ती धर्म, त्यामुळे प्रार्थना मला येते हे मी धरूनच चाललो होतो. स्वभावाने मी तापट, त्यात चार वर्षं मास्तरकी केलेली. लोक मला भाऊ म्हणत आणि थोडे बिचकूनही असत.

माझी शिकवण्याची रीत साधी होती. आधी देवाची स्तुती, मग चुकांची कबुली, मग आभार, मग मागणं, आणि शेवटी ‘येशूच्या नावाने मागतो, आमेन’. शेवटचं वाक्य राहिलं तर प्रार्थना पोचत नाही, असं मी ठासून सांगायचो. लोक विचारायचे, “भाऊ, किती येळा म्हणायचं? जेवायच्या आधी का मागून?” एका शेतकऱ्याचा अर्धा जन्म तहसीलच्या पायऱ्यांवर गेला होता. त्याने पहिल्याच प्रार्थनेत हात जोडून, “वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की,” अशी सुरुवात केली. मी ओठ चावून हसू दाबलं आणि नारायणगावला येऊन ते चारचौघांना रंगवून सांगितलं. आज वाटतं, त्या माणसाने निदान मनापासून अर्ज केला होता.

ती बाई याच वस्तीवरची. तिशी नुकतीच ओलांडलेली, दुसऱ्यांच्या शेतात टोमॅटो तोडायला जाणारी. हंगामात तिचे हात टोमॅटोच्या पाल्याने हिरवे-काळे झालेले असत, कितीही घासले तरी निघत नसत. नवरा टेम्पो चालवायचा, वस्तीवरचे क्रेट नारायणगावच्या मार्केटला पोचवायचा. तो विश्वासात आला नव्हता, पण तिला अडवतही नव्हता. “तू जा. मला मातुर वढू नको,” एवढंच त्याचं म्हणणं. शेजारच्या एका म्हातारीच्या पडवीत रविवारी दुपारी आमची सभा भरायची, आणि ती लहान पोरीला घेऊन ओल्या केसांनीच यायची, भिंतीला टेकून बसायची.

एकदा मी वाट सोडून बांधाने येत होतो. टोमॅटोच्या ओळींत कुणीतरी बोलत होतं. मला वाटलं बायका गप्पा मारताहेत. पाहतो तर ती एकटीच, वाकून तोडता तोडता बोलत होती. “देवा, आज ऊन लई हाय. बकरीचं पोट फुगलंय, सकाळपासनं चारा शिवली न्हाई, बघ जरा तिच्याकडं. कालच्याला मी सासूला उलटून बोलले, ते माझं चुकलंच, पण तिनंबी जरा गप ऱ्हावं का न्हाई? तूच सांग.” मग थोडा वेळ नुसतंच तोडणं. मग, “बरं, क्रेट भरला. धन्याच्या नावानं मागते. आमेन.”

मी बांधावर उभा राहिलो. इतक्या वर्षांत देवाशी असं मी एकदाही बोललो नव्हतो. मला आनंद व्हायला हवा होता, कारण जे शिकवायला मला पाठवलं होतं ते ही बाई शिकूनच बसली होती. झाला नाही. मला तिचा हेवा वाटला, आणि हेवा वाटतोय हे कबूल करण्यापेक्षा तिची चूक शोधणं सोपं होतं. चूक सापडलीच होती. शेवटी तिने प्रभूचं नाव घेतलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी तिला सगळ्यांसमोर प्रार्थना करायला सांगितली. तिने केली, आणि शेवटी पुन्हा ‘धन्याच्या नावानं’. मी म्हटलं, “ताई, नाव घ्या.” बायका पदराआड हसायला लागल्या. मग म्हातारीनेच उलगडा केला. “भाऊ, तिच्या मालकाचं नाव त्येच हाय.”

खरंच तसं होतं. नवऱ्याचं कागदावरचं नाव लांबलचक, पण लहानपणापासून गावाने ते आखडून जे केलं होतं ते बोलायला थेट ‘येशू’, प्रभूचंच नाव. आमची गाणी चालू असताना तो कधी टेम्पो पुसत बाहेर उभा असला तर ओरडायचा, “काय राव, दर आईतवारी माझ्या नावानं आरडताय! काम तरी सांगा!” सगळे हसायचे, ती सोडून. त्या भागात बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. म्हणून तिने आपल्यापुरती वाट काढली होती: धनी म्हणजे मालक, आणि धनी म्हणजे प्रभूसुद्धा. देवाला कळत असणार कुठला ते.

म्हातारीने मध्यम मार्ग सुचवला. “उखाण्यात घेऊ द्या की तिला. उखाण्यात चालतंय.”

मी भडकलो. प्रार्थना म्हणजे हळदीकुंकू नाही, असं म्हणालो. अंधश्रद्धेवर अर्धा तास बोललो. तिला विचारलं, “ताई, तुमचा भरवसा प्रभूवर आहे की रीतीवर?” ती खाली पाहून म्हणाली, “भरवसा हाय भाऊ. पर त्यांना काय झालं तर?” मी म्हटलं, “काही होत नाही. मी सांगतो ना.” तिचा बाप्तिस्मा महिन्यावर आला होता. नाव घेता येत नसेल तर तो पुढे ढकलावा लागेल, हेही मी बोललो. तसा कुठला नियम नव्हता. तो मी तिथेच पडवीत बसून तयार केला.

तीन रविवार ती प्रार्थनेला उठली नाही. चौथ्या रविवारी उठली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि नाव घेतलं. इतक्या हळू की मी पुन्हा घ्यायला लावलं. दुसऱ्यांदा तिने मोठ्याने घेतलं आणि मटकन खाली बसली. मी टाळ्या वाजवल्या. “पाहा, झालं का काही?” त्या महिन्याच्या अहवालात मी ही गोष्ट विजय म्हणून लिहिली.

पाच महिन्यांनी, सकाळी मार्केटला माल उतरवून रिकामा टेम्पो परत आणताना, फाट्याच्या अलीकडे समोरून आलेल्या ट्रकने त्याला उडवलं. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता.

मी तिसऱ्या दिवशी गेलो. खरं तर पहिल्याच दिवशी कळलं होतं. जायची छाती झाली नाही. भावकीची माणसं बाहेर बसली होती, कुणी मला बस म्हटलं नाही. आत बायका कुजबुजत होत्या, आणि मी ऐकावं एवढ्या आवाजात कुजबुजत होत्या. “भर सभेत घेतलं म्हनं नाव. दोनदा.” ती कोपऱ्यात बसली होती. मी समोर टेकलो आणि पाठ केल्यासारखं बोललो, “ताई, याचा त्या गोष्टीशी काही संबंध नाही.”

ती म्हणाली, “मी कुटं म्हनलं भाऊ, हाय म्हनून?”

मला प्रार्थना करायची होती. तेवढंच काम मला येत होतं. स्तुती सोडून दिली, कबुली सोडून दिली, सरळ मागण्यावर आलो, आणि शेवटच्या वाक्याशी अडकलो. ते नाव त्या घरात माझ्या तोंडून निघेना. तीन दिवसांपूर्वीपर्यंत त्याच नावाने त्या दारातून माणूस ओ देत होता. मी नुसतं आमेन म्हणून उठलो.

जीपमध्ये मी स्वतःला बरंच समजावलं. अपघात रोज होतात, ट्रकवाल्याला नावाशी काय देणंघेणं. सगळं खरं होतं, आजही आहे. पण मी तिला ‘काही होत नाही’ असं सांगितलं होतं, आणि ते सांगायचा अधिकार मला कुणी दिला नव्हता. रीत खोटी असेल, पण तिची भीती खरी होती, आणि ती भीती घेऊनही ती देवाशी बोलत होतीच. मी मध्ये पडलो नसतो तर नवरा गेल्यावर ती त्याच्यासाठी रडली असती, देवाशी भांडली असती. आता ती स्वतःलाच दोषी धरून बसली होती.

पुढे काही महिने ती सभेला आली नाही. मग आली. लोकांना हायसं वाटलं. म्हातारीने तिला जवळ बसवलं. प्रार्थनेची वेळ आली तेव्हा मी कुणालाच सांगितलं नाही, पण ती आपणहून उठली. आधी स्तुती केली. मग कबुली, मग आभार, मग एक लहानसं मागणं, मी शिकवलेल्या क्रमाने, एक शब्द इकडचा तिकडे नाही. शेवटी स्वच्छ, खणखणीत आवाजात, पदर न ओढता, तिने नाव घेतलं. पडवीतले सगळे आमेन म्हणाले. मला म्हणता आलं नाही.

सभा मोडल्यावर मी तिच्यामागून अंगणात गेलो. मूर्खासारखं म्हणालो, “ताई, आता नाव घेताना भीती वाटत नाही ना?”

“आता कसलं भ्या भाऊ,” ती म्हणाली. “आता कुनाचं आयुष्य कमी व्हायचंय?”

मग मी तेही विचारलं, जे विचारायला नको होतं. तोडणी करताना अजून बोलता का देवाशी, पूर्वीसारखं?

तिने माझ्याकडे रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, “न्हाई. तुमी शिकवलंय तेवढंच म्हनते. दुसरं काय बोलले आन् चुकलं, तर? माझी म्हनून आता पोरगीच ऱ्हायलीय.”